मूल काही सांगू लागले तर: गोव्यात तक्रारीपासून कोर्टापर्यंत

"टीचर, कोणाक सांगू नाकात."

चतुर्थीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी पोरे दप्तरे आपटत पळाली आणि एक मूल मागे राहिले. ते हे वाक्य बोलले आणि मी लगेच म्हणाले, "नाही सांगणार हो." पुढच्या काही महिन्यांत ज्या चुका केल्या त्यांतली ही पहिली.

मी उत्तर गोव्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. तालुका, वर्ष, मुलगा की मुलगी, यातले काहीही इथे सांगणार नाही. का, ते पुढे येईलच. त्या मुलाने सांगितले ते लैंगिक अत्याचाराबद्दल होते. त्याच्या आईबरोबर मी पोलीस, इस्पितळ, बाल कल्याण समिती आणि कोर्ट अशा सगळ्या पायऱ्या चढले. त्यानंतर दोनतीन कुटुंबांना वाटेत सोबत केली. कायद्यात बऱ्याच चांगल्या सोयी आहेत, पण त्या मागाव्या लागतात, आणि मागायला त्या आधी माहीत असाव्या लागतात. म्हणून हा लेख.

आधी तीन नंबर फोनमध्ये साठवा, बाकीचे निवांत वाचा. १०९८ ही चाइल्डलाइन, दिवसरात्र आणि मोफत. ११२ पोलीस व आणीबाणीसाठी. १५१०० मोफत कायदा साहाय्यासाठी.

१. ऐका, पण तपास करू नका

मूल बोलायला लागले की आपल्याला सगळे एका दमात जाणून घ्यायचे असते. कधी, कुठे, किती वेळा, आधी का नाही सांगितलेस? हे आवरा. "तू सांगितलेस ते बरे केलेस, यात तुझी चूक नाही" एवढे म्हणा आणि ते जेवढे सांगेल तेवढेच ऐका.

"कुणाला सांगणार नाही" असे वचन देऊ नका, ते पाळता येत नाही. "मदत करू शकतील अशाच माणसांना सांगेन" म्हणा.

आता एक हिशेब मांडते, तो शेवटपर्यंत लक्षात ठेवा. रीतसर प्रक्रियेतच मुलाला साधारण चार ठिकाणी बोलावे लागते: पोलीस, डॉक्टर, न्यायदंडाधिकारी आणि शेवटी कोर्ट. ही ठिकाणे सहसा टाळता येत नाहीत. पण पाचवे आणि सहावे ठिकाण आपण स्वतः उभे करतो. मी मुलाला आधी मुख्याध्यापकांसमोर उभे केले, मग आईसमोर, मग आत्या आली, मग ओळखीचे एक पंच आले. पोलिसांपर्यंत पोचण्याआधी त्या मुलाने तीच गोष्ट पाच वेळा सांगितली होती आणि दर वेळी थोडी वेगळी. मुले तशीच सांगतात. पुढे उलटतपासणीत बचाव पक्षाच्या वकिलांनी नेमका तोच धागा धरला.

२. एक वही करा

मूल गेल्यावर त्याच दिवशी, त्याचेच शब्द लिहून ठेवा. कोकणीत बोलले असेल तर कोकणीतच लिहा, शुद्ध मराठी करायला जाऊ नका. शरीराच्या अवयवासाठी मुलाने घरगुती शब्द वापरला असेल तर तोच ठेवा. खाली तारीख, वेळ आणि तुमची सही. पुढे हीच वही चालू ठेवा: कोणत्या दिवशी कुठे गेलो, कोण भेटले, काय म्हणाले, पुढे कधी बोलावले. दीड वर्षाने कोर्टात तुम्हाला साक्षीला बोलावतील तेव्हा तुमच्या स्मरणशक्तीपेक्षा ही वही जास्त कामाला येईल.

घटना ताजी असेल तर कपडे धुऊ नका. कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा धरतो आणि पुरावा खराब होतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर हमखास.

फोनवर काही पाठवले गेले असेल तर पुसू नका आणि कुणालाही पुढे पाठवू नका. "पुरावा म्हणून सरपंचांना पाठवला" हे भाबडेपण महागात पडते. मुलांचे तसले चित्र किंवा व्हिडिओ पाठवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे साहित्य नुसते बाळगण्याबाबतही कडक भूमिका घेतली. फोन आहे तसा पोलिसांच्या हाती द्या. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही अशी तक्रार करता येते.

३. कळवणे ऐच्छिक नाही

लैंगिक अत्याचारापासून मुलांचे संरक्षण करणारा कायदा, म्हणजे सगळे ज्याला पोक्सो म्हणतात तो, २०१२ चा. त्याच्या १९ व्या कलमानुसार असा गुन्हा झाल्याचे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवायलाच हवे. शिक्षक, डॉक्टर, शेजारी, कुणीही. कळवले नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला तर एक वर्षापर्यंत.

शाळेत मला सांगितले गेले, "संस्थेचे नाव आहे, आधी व्यवस्थापन मंडळाची बैठक होऊ दे." बैठकीची वाट पाहायची तरतूद कायद्यात नाही. मुख्याध्यापकांना सांगा, पण त्यांच्या परवानगीसाठी थांबू नका. सद्‌हेतूने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही, तेही त्याच कलमात लिहिलेले आहे. आणि मुलाची तक्रार पुढे खोटी ठरली तरी मुलाला शिक्षा होत नाही.

पोलीस स्थानकात जायचा धीर होत नसेल तर १०९८ ला फोन करा. ही सेवा पूर्वी एक स्वयंसेवी संस्था देशभर चालवायची. २०२३ पासून ती सरकारच्या महिला व बाल विकास यंत्रणेकडे आली आणि ११२ शी जोडली गेली. कोकणी, मराठी, हिंदी, जे येते त्यात बोला. आपले नाव सांगायचे नसेल तर तसे सांगा.

"गावातच मिटवू" म्हणणारे भेटतील. माझ्याकडे तर देवळात नारळ ठेवून शपथ घ्यायचा प्रस्तावही आला होता. देवावर माझी श्रद्धा आहे, पण हे प्रकरण देवळात मिटत नाही. पोक्सोचे गुन्हे आपसात तडजोड करून मिटवण्यासारखे नसतात, आणि पंचायतीत दाबून टाकणारेही अडकू शकतात.

४. आधी इस्पितळ की आधी पोलीस?

जखम, रक्तस्राव किंवा ताप असेल, किंवा घटना गेल्या तीन दिवसांतली असेल, तर आधी इस्पितळ. काही औषधे ७२ तासांच्या आतच उपयोगी पडतात. बांबोळीचे गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), म्हापशाचे किंवा मडगावचे जिल्हा इस्पितळ, जे जवळ असेल ते. खासगी इस्पितळालाही अशा मुलावर प्रथमोपचार व उपचार मोफत करावे लागतात. "आधी एफआयआर आणा" किंवा "पोलिसांचे पत्र आणा" म्हणून परत पाठवता येत नाही. इस्पितळ स्वतः पोलिसांना कळवते.

मुलगी असेल तर तपासणी महिला डॉक्टरच करतील. आई किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती खोलीत थांबू शकते. संमती लागते. तपासणी नको म्हटले तरी उपचार मिळायला हवेत.

घटना जुनी असेल तरीही वैद्यकीय तपासणी निरर्थक नसते, पण घाईची नसते. मग सरळ पोलीस स्थानकात जा.

५. पोलीस स्थानकात

या पायरीवर जरा जास्त थांबते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

मुलाला बरोबर नेण्याची गरज नाही. तक्रार आई, वडील, शिक्षक कुणीही देऊ शकते. मुलाची जबानी घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा जागी घेतली जावी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. मुलाला रात्री पोलीस स्थानकात ठेवता येत नाही. आम्हाला हे ठाऊक नव्हते. मूल बाकावर तीन तास बसून होते, समोर दारू पिऊन मारामारी केलेले दोघे.

पहिल्या ठिकाणी उत्तर मिळाले, "घटना आमच्या हद्दीतली नाही." पाऊस होता, शेवटची बस गेलेली, आणि आम्ही गुपचूप परत फिरलो. आता लक्षात ठेवा. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कुठल्याही पोलीस स्थानकाला तो नोंदवून घ्यावा लागतो. याला झीरो एफआयआर म्हणतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ मध्ये, ते स्पष्ट लिहिलेले आहे. नम्रपणे म्हणा, "साहेब, झीरो एफआयआर करून घ्या, पुढे तुम्ही पाठवा." हा एक शब्द उच्चारला की खुर्चीवरच्या माणसाचा सूर बदलतो, हे मी नंतरच्या वेळी स्वतः पाहिले. तरीही नकार मिळाला तर तक्रार लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, पोचपावती जपून ठेवा आणि १०९८ वरही सांगा.

आता भाषा. मूल कोकणीत बोलते, पोलीस शिपाई कोकणीत समजून घेतो आणि कागदावर इंग्रजी उतरते. या वाटेत बरेच काही सांडते. आमच्या वेळी "आंगार हात घालो" याचे इंग्रजी असे झाले की घटना निम्मी झाली. जबानी मुलाच्या भाषेत वाचून दाखवा असे सांगा आणि पटल्याशिवाय पुढे जाऊ नका. कन्नड, लमाणी किंवा ओडिया बोलणारे मूल असेल तर दुभाषा मागा. किनाऱ्यावर, बांधकामावर अशी मुले खूप असतात. दुभाषा देणे ही मेहरबानी नाही.

गोव्यात आणखी एक मदत आहे. ती इतरत्र याच रूपात मिळत नाही. गोवा बाल कायदा २००३ चा, म्हणजे पोक्सोच्या नऊ वर्षे आधीचा. त्याला एक काळी पार्श्वभूमी आहे. १९९१ मध्ये मडगावात उघडकीला आलेल्या फ्रेडी पीट प्रकरणाने गोवा हादरला होता. मुलांना आसरा देतो म्हणणाऱ्या त्या माणसाला १९९६ मध्ये जन्मठेप झाली. या कायद्याने राज्यात वेगळे बाल न्यायालय आले आणि पीडित मुलांना सोबत करणारे पीडित साहाय्य पथकही आले. पोलीस लोक त्याला 'व्हीएयू' म्हणतात. जबानीच्या वेळी ते पथक बोलावले आहे का, हे पहिल्या पाच मिनिटांत विचारा.

निघताना एफआयआरची प्रत घ्या. ती मोफत आहे. तपास अधिकाऱ्याचे नाव व फोन वहीत लिहा. ९० दिवसांच्या आत तपासाची प्रगती कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

बरोबर काय न्यायचे:

- मुलाच्या वयाचा दाखला. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र आधी पाहिले जाते, ते नसेल तर नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तेव्हाच हाडांची वयचाचणी.
- पालकांचे ओळखपत्र.
- तुमची वही, आणि तिच्या झेरॉक्स.
- इस्पितळात जाऊन आला असाल तर तिथला कागद.
- मुलाचे खाणे, पाणी, बदलायचा सदरा. हसू नका, लागतो.

यातला एकही कागद नसला तरी तक्रार घ्यावीच लागते. "आधार कार्ड आणा मग या" हे चालत नाही. मात्र शाळेतली आणि जन्मनोंदणीतली तारीख वेगळी असेल तर ते आजच तपास अधिकाऱ्याला सांगा. आपल्याकडे पहिलीत घालताना वय वाढवून लावायची जुनी खोड आहे, आणि सतरा की अठरा या एका वर्षावर पूर्ण खटला पालटू शकतो.

६. बाल कल्याण समिती

पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचे असते. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात आणि तिला न्यायदंडाधिकाऱ्यांसारखे अधिकार असतात. आयांना इथे सगळ्यात मोठी भीती असते ती ही, की "मूल मेरशीच्या अपना घरात (सरकारी बालगृहात) ठेवून घेतील." तसे सरसकट होत नाही. संशयित त्याच घरात राहत असेल, किंवा घर सुरक्षित नसेल, तरच मुलाला हलवायचे की नाही हा प्रश्न येतो. तेव्हा समिती चौकशी करून तीन दिवसांत ठरवते आणि मुलाचे मत विचारते. आजी किंवा मावशीकडे ठेवता येत असेल तर तसे लेखी द्या.

समितीकडे एक गोष्ट आवर्जून मागा: सपोर्ट पर्सन. तपासापासून निकालापर्यंत मुलाबरोबर राहणारी, प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ही नेमणूक समितीच्या मर्जीवर सोडलेली नाही. आमच्या वेळी ही व्यक्ती पाच आठवड्यांनी आली, तोवर ते काम मी करत होते, आणि मला त्यातले काही कळत नव्हते. ती आल्यावर मूल पहिल्यांदा रात्रभर झोपले.

७. पैशांबद्दल लाजू नका

इथे तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली, तातडीची मदत. कपडे, जेवण, जाण्यायेण्याचा खर्च. समिती शिफारस करते आणि त्यानंतर एका आठवड्यात रक्कम मिळायला हवी. रोजंदारी बुडवून कदंबा बसने फेऱ्या मारणाऱ्या आईला ही रक्कम किती मोठी वाटते, ते विचारू नका. पण कुणी मागतच नाही.

दुसरी, भरपाई. तिच्यासाठी आरोपीला शिक्षा व्हायची वाट पाहावी लागत नाही. एफआयआर नोंदल्यावर न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकते, आणि आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत ती द्यायची असते. अर्ज जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडून करून घ्या. मुलांना आणि स्त्रियांना हा वकील उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळतो. मुलाच्या नावाने बँक खाते आधीच उघडून ठेवा. आमचे पैसे मंजूर होऊन पडले होते ते केवळ खात्यासाठी.

तिसरी, सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेखाली महिना ४,००० रुपयांचे प्रायोजकत्व, म्हणजे मुलासाठी दरमहा मदत. सगळ्यांना मिळत नाही, घरची परिस्थिती पाहून ठरते. जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा.

८. गुपित म्हणजे गुपित

मुलाचे नाव, फोटो, घर, शाळा, नातेवाईक, ओळख पटेल असे काहीही कुठेही छापणे किंवा पसरवणे हा गुन्हा आहे. हे फक्त वर्तमानपत्रांसाठी नाही. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर "अमक्याच्या पोरीला न्याय मिळालाच पाहिजे" असे मेणबत्तीसह टाकणारा माणूसही त्यात येतो. शाळेत हजेरीवर शेरा नको, शिक्षकांच्या खोलीत चर्चा नको. मी या लेखात तालुका का लिहिला नाही ते आता कळले असेल.

९. कोर्टात

राज्याचे बाल न्यायालय मूळचे पणजीचे. आपले प्रकरण नेमके कुठे चालणार आणि तारीख कधी, ते सरकारी वकिलांकडून विचारून घ्या. पोलिसांनी जामीन अर्जाची तारीखही कुटुंबाला कळवायची असते. आम्हाला आरोपी जामिनावर सुटल्याचे तिंट्यावर, म्हणजे गावच्या नाक्यावर, कळले. म्हणून दर पंधरा दिवसांनी तपास अधिकाऱ्याला फोन करा आणि वहीत नोंदवा.

साक्षीआधी सरकारी वकिलांना एकदा भेटा आणि मुलाला कोर्टाची खोली रिकामी असताना दाखवून आणा. सुनावणी बंद दाराआड होते. आरोपी मुलाच्या नजरेला पडणार नाही अशी सोय, म्हणजे पडदा किंवा व्हिडिओ, न्यायालयाने करायची असते. वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाहीत, न्यायाधीशांमार्फत विचारतात. मध्ये विश्रांती मागता येते. मुलाला पुन्हा पुन्हा बोलावायचे नाही असे कायदा म्हणतो. न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो वर्षभरात खटला संपवावा, असेही म्हणतो. 'शक्यतो' या शब्दावर बराच काळ निघतो. मनाची तयारी दोन वर्षांची ठेवा.

मुलाला काय सांगायचे ते पढवू नका. "आठवत नाही" हे पूर्ण आणि खरे उत्तर असते, एवढेच शिकवा.

शाळेबाहेर काही दिसले तर

किनाऱ्यावर मणी विकणारे दहा वर्षांचे पोर, हॉटेलात पाहुण्याबरोबर एकटे जाणारे मूल. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आहे. गोवा बाल कायद्यानुसार कुटुंबीय किंवा नातेवाइकांबरोबर नोंद नसेल तर मुलाला हॉटेलच्या खोलीत प्रवेश देता येत नाही. गेस्ट हाऊस चालवणाऱ्यांनी हे नोंदवहीच्या पहिल्या पानावर चिकटवावे. संशय आला तर त्या माणसाला अडवायला किंवा त्याचे चित्रण करायला जाऊ नका. जागा, वेळ, गाडीचा नंबर लिहा आणि १०९८ किंवा ११२ फिरवा.

निकालानंतर

निकालपत्राची प्रत मागून घ्या. आरोपी सुटला किंवा शिक्षा कमी कलमाखाली झाली, तर पीडिताच्या बाजूने अपील करायचा हक्क आहे. ते पर्वरीला, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात. मुदत असते, म्हणून वकिलाला त्याच दिवशी भेटा. शिक्षा झाली तर अपील समोरची बाजू करते, त्याची नोटीस घरी येते. ती आली की फायलीत ठेवून देऊ नका, दुसऱ्याच दिवशी कायदा सेवा प्राधिकरणात घेऊन जा. वही बरोबर घ्या.